वाळवंटाची धूळ, समुद्राची हिरवळ

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबईचे आकाश पांढुरके झाले. गाड्यांवर बसलेला थर लोकांनी पुसून टाकला. वाटेत अरबी समुद्रावर जी पडली, तिचे काय झाले?

धुळीत लोह असते. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, म्हणजे वनस्पतिप्लवकांना, ते अगदी थोडे लागते, पण लागतेच. मासळीची सारी अन्नसाखळी त्यांच्यावर उभी. त्यांच्यातले हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून त्या वाढल्या की पाणी हिरवट दिसते. हा रंग उपग्रह टिपतात. इस्रोने ओशनसॅट-१ त्यासाठीच १९९९ साली सोडला. नासाचा २०२४ सालचा ‘पेस’ तर हवेतली धूळ आणि पाण्याचा रंग, दोन्ही पाहतो.

आधी धूळ आली, मग पाणी हिरवे झाले. म्हणजे धुळीनेच केले का? इथे घाई नको. हिवाळ्यातला कोरडा, गार उत्तरी वारा अरबी समुद्राच्या उत्तर भागातले वरचे पाणी थंड करतो. ते जड होऊन खाली बुडते आणि खालचे नायट्रेटयुक्त पाणी वर येते. हिरवळ त्यानेही वाढते. शिवाय धुळीचा पडदा मध्ये असला की पाण्याचा रंगही फसवा दिसतो. म्हणून जहाजातून पाण्याचे नमुने घ्यावेच लागतात.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था पाण्याचा रंग आणि तापमान पाहून मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागा कळवते. हिरवळ वरून पडलेल्या धुळीची की खालून आलेल्या पाण्याची, याच्याशी होडीवरच्या तांडेलाला कर्तव्य नसते.