दहा तासांनंतरचं गाव

मँचेस्टरहून लीड्सकडे जाणारी एक रेल्वे पेनाइन डोंगररांगांमधून वाट काढते. त्या वाटेवर, तीन दऱ्या जिथे एकत्र येतात तिथे, टॉडमॉर्डन हे गाव वसलं आहे. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. एवढ्या गावाकडे भव्य टाउन हॉल आहे, सार्वजनिक ग्रंथालय आहे, शंभर वर्षांहून जुनं नाट्यगृह आहे, मोठा बगीचा, क्रिकेटचं मैदान आणि पोहण्याचा तलाव आहे. शिवाय या गावाच्या शाळेत शिकलेल्या दोघांना विज्ञानाचं नोबेल मिळालं आहे. हे सगळं कुणी, कधी आणि का उभं केलं, याचा माग काढायचा तर सुरुवात इमारतींपासून करून चालत नाही. ती कामाच्या तासांपासून करावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टॉडमॉर्डन म्हणजे कापसाच्या गिरण्या, आणि गिरण्या म्हणजे फील्डन कुटुंब. त्या घरातला जॉन फील्डन लहानपणीच वडिलांच्या गिरणीत कामाला लागला होता. मुलांच्या अंगावर त्या कामाचा काय परिणाम होतो, हे त्याने स्वतः सोसलेलं होतं. पुढे तो मोठा गिरणीमालक झाला, 1832 साली ओल्डममधून संसदेत निवडून गेला, 1836 मध्ये त्याने कारखानापद्धतीला थेट शाप म्हणणारं पुस्तक लिहिलं आणि 1847 चा दहा तासांचा कायदा संसदेत पार करून घेतला. हा कायदा स्त्रियांसाठी आणि तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी होता. पण त्यांच्याशिवाय गिरणी चालवणं अवघड होतं, म्हणून पुरुषांचेही तास हळूहळू कमी झाले. मालकांनी पाळ्यांची चलाखी करून कायद्याला बगल दिली, तेव्हा 1850 च्या दुरुस्तीने कामाच्या वेळा बांधून दिल्या आणि शनिवारी दुपारी दोनला काम थांबवण्याची सक्ती केली.

माझ्या मते उत्तर इंग्लंडच्या सांस्कृतिक इतिहासातली सर्वांत मोठी घटना ही शनिवारची दुपार आहे. फुटबॉलचे सामने, क्रिकेटच्या लीग, ब्रास बँड, वाचनगृहं, गायनमंडळं या साऱ्यांना तिथून जागा मिळाली. दिवसाचे बारा-तेरा तास यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला पुस्तक फुकट दिलं तरी तो ते उघडणार कधी?

कामाच्या तासांचा हा झगडा आपल्याकडेही झाला, आणि त्याचा धागा टॉडमॉर्डन ज्याच्या हद्दीवर आहे त्या लँकेशायर परगण्याशी जुळलेला आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात तिथला कापूस थांबला, तेव्हा या दऱ्याखोऱ्यांतल्या गिरण्यांना पश्चिम भारतातला कापूस वापरावा लागला. आखूड धाग्याच्या त्या कापसाला लँकेशायरचे कामगार सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि धागा सारखा तुटतो म्हणून वैतागत. त्याच कापसाच्या पैशावर मुंबई फुगली. पुढे मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा जाणवू लागल्यावर भारतात कारखाना कायदा व्हावा म्हणून लँकेशायरच्या मालकांनीच जोर लावला. त्यात त्यांचा स्वार्थ होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मुंबईतल्या गिरणी कामगारांना संघटित करून 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, ती मात्र कामगारांच्या स्वतःच्या बळावर.

टॉडमॉर्डनचा टाउन हॉल 1875 मध्ये खुला झाला. जॉन फील्डनच्या तीन मुलांनी त्याचा खर्च उचलला आणि जॉन गिब्सन या वास्तुकाराने ग्रीक देवळासारखी खांबांची इमारत बांधली. ती उभी आहे वॉल्सडेन वॉटर या ओढ्यावर, आणि तेव्हा लँकेशायर-यॉर्कशायरची हद्द या ओढ्यावरून जात होती. त्यामुळे वरच्या दिवाणखान्यात नाचणारं जोडपं एका गिरकीत एका परगण्यातून दुसऱ्यात जाई. दर्शनी त्रिकोणात एका बाजूला लँकेशायरचा कापूस, दुसऱ्या बाजूला यॉर्कशायरची शेती आणि यंत्रकाम कोरलेलं आहे. हद्द नंतर सरकली आणि सगळं गाव यॉर्कशायरमध्ये गेलं. क्रिकेट क्लब मात्र लँकेशायर लीगमध्येच खेळतो.

या लीगची मराठी क्रिकेटप्रेमींना आठवण असायला हवी. 1892 मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत गिरणीगावांचे क्लब शनिवारी खेळत आणि प्रत्येक संघाला एक व्यावसायिक खेळाडू ठेवता येई. तिकिटाच्या पैशांतून छोटी गावं जगातले उत्तम खेळाडू आणत. 1952 मध्ये विनू मांकड शेजारच्या हॅस्लिंग्डनकडे करारबद्ध होते. तिथून मोकळीक मिळवून ते लॉर्ड्सच्या कसोटीत उतरले आणि त्यांनी 72 व 184 धावा काढल्या. ती कसोटी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

टाउन हॉल देखणा आहे, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते ग्रंथालय. 1890 च्या दशकात ते गावाला भेट मिळालं आणि देणारा गिरणीमालक नव्हता. ती होती टॉडमॉर्डनची सहकारी सोसायटी, म्हणजे पीठ, साखर, चहा विकत घेणाऱ्या कामगार कुटुंबांचीच संस्था. इथून जवळच्या रॉचडेलमध्ये 1844 साली सहकारी दुकान सुरू झालं. नफ्याचा काही भाग शिक्षणासाठी बाजूला काढायचा, हा नियम त्या दुकानाने पुढे घालून दिला. आधी दुकानाच्या माडीवर वाचनखोली, मग वर्ग, मग गावासाठी ग्रंथालय, असा तो प्रवास. वाण्याच्या वहीत वाचलेल्या पैशातून उभी राहिलेली ही इमारत दानाची नाही, हक्काची आहे. मालकाच्या मुलांनी दिलेल्या सभागृहापेक्षा मी ती मोठी मानतो.

1896 मध्ये गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं तिचा हात सगळीकडे दिसतो. 1910 मध्ये फील्डनांचाच एक वाडा आणि त्याभोवतीची सेंटर व्हेलची जमीन तिने विकत घेतली आणि तिथे सार्वजनिक बगीचा केला. माध्यमिक शाळा याच काळातली. जॉन कॉकक्रॉफ्ट 1909 मध्ये या शाळेत आला. 1932 साली सहकारी वॉल्टनबरोबर त्याने अणुकेंद्रक फोडलं आणि 1951 मध्ये त्याला पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. जेफ्री विल्किन्सन 1932 मध्ये शिष्यवृत्तीवर त्याच शाळेत दाखल झाला आणि 1973 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचा मानकरी ठरला. दोघांनाही ल्यूक सटक्लिफ या एकाच शिक्षकाने शिकवलं होतं. गावच्या शाळेत चांगला मास्तर टिकून राहिला की काय होतं, याला आणखी पुरावा कशाला हवा?

गावातलं हिप्पोड्रोम नाट्यगृह 1908 चं. ते आज हौशी कलावंतांची संस्था चालवते. तिकीटविक्रीपासून पडदा ओढण्यापर्यंतची कामं स्वयंसेवक करतात.

1974 मध्ये इंग्लंडातल्या स्थानिक कारभाराची फेररचना झाली, टॉडमॉर्डनची नगरपालिका गेली आणि गाव कॅल्डरडेल या मोठ्या परिषदेत विलीन झालं. कचेरी गेली हॅलिफॅक्सला. तोवर गिरण्याही मिटू लागल्या होत्या. 2010 नंतर केंद्र सरकारने परिषदांच्या अनुदानाला मोठी कात्री लावली. तिथे ग्रंथालयसेवा देणं 1964 च्या कायद्याने परिषदांना बंधनकारक आहे, तरीही देशभर शेकडो ग्रंथालयं बंद पडली. तरणतलाव आणि नाट्यगृहांना तेवढंही संरक्षण नाही, त्यामुळे पैसा आटला की कुऱ्हाड आधी त्यांच्यावर पडते.

ही कात्री लागायच्या थोडं आधी, 2008 मध्ये, पॅम वॉरहर्स्ट आणि मेरी क्लिअर या दोघींनी ‘इन्क्रेडिबल एडिबल’ नावाचा उपक्रम सुरू केला. पोलीस ठाण्यासमोर मका, दवाखान्याबाहेर औषधी झाडं, कालव्याकाठी भाज्या लावायच्या आणि हवं त्याने तोडून न्यायच्या. वॉरहर्स्ट पूर्वी कॅल्डरडेल परिषदेच्या नेत्या होत्या, म्हणून सरकारी फाइल किती हळू चालते हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी परवानगीची वाट पाहिली नाही. बागेइतकाच भर शिकण्यावर होता. मुलांनी पेरणी शिकावी आणि मोठ्यांनी विसरलेला स्वयंपाक पुन्हा शिकावा, हा त्यामागचा विचार. बंद पडलेल्या कॉलेजची इमारतही गावकऱ्यांनी हाती घेऊन तिथे शिक्षणकेंद्र सुरू केलं. 2021 मध्ये सरकारच्या ‘टाउन डील’ योजनेतून गावाला 1 कोटी 75 लाख पौंड मंजूर झाले.

या स्वयंसेवकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या नावावर सरकारने आपली जबाबदारी झटकू नये, असंही तितक्याच ठामपणे वाटतं. निवृत्त माणसांच्या उत्साहावर बाग फुलते, नाटक उभं राहतं. पण तलावाचं पाणी तापवण्याचं बिल आणि ग्रंथपालाचा पगार त्यावर भागत नाही. त्यासाठी करातून येणारा, दर वर्षी खात्रीने मिळणारा पैसाच लागतो. सहकारी सोसायटीने ग्रंथालय बांधून गावाच्या हवाली केलं ते गाव ते चालवील या भरवशावर.

मँचेस्टरला आप्तांकडे जाणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत. त्यांनी व्हिक्टोरिया स्टेशनवरून टॉडमॉर्डनमार्गे जाणारी लीड्सची गाडी धरावी आणि टॉडमॉर्डनला उतरावं. टाउन हॉल जरूर पाहावा, पण त्याआधी ग्रंथालयात जाऊन घटकाभर बसावं.