बॅज आणि परमिट

मुंबईच्या उपनगरात रिक्षाचा मालक शिफ्टवर गाडी देताना आधी बॅज बघतो. तो नसेल तर हात कितीही साफ असू दे, चावी मिळत नाही. निदान पोलिसांना आणि विमा कंपनीला घाबरणारा मालक तरी देत नाही.

मागच्या वस्तीतल्या एका मुलाचे बॅजचे फॉर्म भरायला मी बसायचो. 7500 किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवायला हलक्या वाहनाचं साधं लायसन्स पुरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं. 2024 मध्ये घटनापीठानेही तेच कायम केलं. पण बॅज राज्याच्या नियमांतला, तो काही सुटत नाही. डॉक्टरचा दाखला हवा, पोलीस व्हेरिफिकेशन हवं. त्याबद्दल तक्रार नाही. रात्री उशिरा एकटी बाई रिक्षात बसते ती याच भरवशावर.

घोडं अडलं ते राज्यात 15 वर्षं राहिल्याच्या पुराव्यापाशी. मुलगा इथेच जन्मलेला, पण आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलेलं. दर अकरा महिन्यांनी नवा करार, लाइट बिल घरमालकाच्या नावावर. "काका, मी इथलाच आहे, पण कुठल्याच कागदावर नाही," तो म्हणाला. शेवटी शाळेचे दाखले उपयोगी पडले. व्यावसायिक लायसन्ससाठी आठवी पासची अट केंद्राने 2019 मध्ये काढली. न शिकलेल्यालाही स्टेअरिंग धरता यावं म्हणून. इथे शाळा मागच्या दाराने परत आत आली.

बॅज मिळाला तरी तो शिफ्ट ड्रायव्हरच. कमाई परमिटवाल्याची. मुंबईत हा फरक कपड्यांवरही दिसतो: स्वतःची रिक्षा चालवणारा परमिटधारक पांढऱ्यात, भाड्याने चालवणारा खाकीत. 1997 नंतर नवी परमिटं गोठवली गेली आणि सरकारी परवान्याची मिळकत झाली. दिवसभर गाडी हाकणारा खाकीतच राहिला आणि परमिट नावावर असलेला घरबसल्या रोजचं भाडं घेऊ लागला. संख्येवरची ही मर्यादा 2017 मध्ये उठली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने रिक्षा परमिटसाठीची मराठीची सक्ती बेकायदा ठरवली. ड्रायव्हरला प्रवाशाची भाषा यावी असं मलाही वाटतं; पण ती चार महिने स्टँडवर उभं राहिलं की येते, त्यासाठी परमिट अडवायची गरज नव्हती.

परमिट खुलं झालं, तरी रिक्षा घ्यायला कर्ज लागतं आणि कर्जाला पुन्हा पत्त्याचा पुरावा.

फाइल फिरत होती तेवढ्या काळात या मुलाने खाण्याचे डबे पोचवायचं काम धरलं. तिथे बाइकचं लायसन्स, आधार आणि बँक खातं एवढ्यावर भागलं. 15 वर्षं कुणी विचारली नाहीत. पेट्रोल त्याचं, बाइकचा हप्ता त्याचा, पावसात घसरला तर दवाखानाही त्याचाच. बॅज हातात आला तेव्हा बाइकचे चौदा हप्ते बाकी होते, म्हणून तो अजून डबेच पोचवतो.