थंडीतले बिनपगारी राखणदार

थंडीत एक दिवस मुलाबाळांसह पाखरे पाहायला काढा. कबनूरहून सकाळी पंचगंगेचा काठ, दुपारी कोल्हापूरचा कळंबा तलाव, दिवस कलताना रंकाळा.

काठावर शेपटी हलवीत धावतो तो पांढरा धोबी; कुणी त्याला परीट म्हणतात. हिमालयातून आणि त्याही पलीकडून तो हिवाळ्यात येतो. उसाला पाणी पाजताना सरीत वर आलेले किडे तोच टिपतो. मजुरी मागत नाही!

पण फवारणीचा पंप ओढ्यात धुतला, तर पाण्यातले किडे, मासे मरतात आणि पाखरांचा घास जातो. म्हणून कीड पाहूनच औषध मारा. पंप विहीर-ओढ्यापासून लांब धुवा. रिकामे डबे पाण्यात टाकू नका.