शेंगेएवढ्या कोशात किलोमीटरभर धागा!

सांग बघू, भुईमुगाच्या एका शेंगेएवढ्या जागेत किती लांब धागा मावेल? हातभर? वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत?

छे! एक किलोमीटरहूनही लांब! आणि तोही सलग, मध्ये एकही गाठ नाही!

ही करामत रेशमाच्या अळीची. अंड्यातून निघते तेव्हा ती मुंगीएवढी असते, काळीकुट्ट. मग सुरू होतं खाणं! तुतीची पानं, पानं आणि पानंच. दिवसा खा, रात्री खा! कातडी अंगाला घट्ट झाली की कात टाकायची आणि पुन्हा खायला बसायचं. असं चार वेळा! पंचविसेक दिवसांत तिचं वजन किती पटींनी वाढतं, ठाऊक आहे? सुमारे दहा हजार पट! तीन किलोचं तान्हं बाळ महिन्याभरात सहा हत्तींएवढं झालं तर? अगदी तसंच!

मग एक दिवस तिची भूक संपते. ती डोकं डुलवत तोंडातून चिकट रस सोडते. रस बाहेर ओढला गेला की त्याचा धागा! दोन-तीन दिवस हेच काम. शेवटी ती स्वतःच कोशात बंद!

माणसांनी हा धागा कसा सोडवला, ते बघायचं असेल तर जपानमधल्या तोमिओका गावी जायला हवं. सरकारने १८७२ साली तिथे रेशमाची भलीमोठी गिरणी उभारली. पॉल ब्रुना नावाचा फ्रेंच तज्ज्ञ मदतीला होता. भिंतींना लाल विटा हव्या होत्या, पण विटा भाजणार कोण? शेवटी कौलं भाजणारे कारागीरच विटा भाजायला शिकले! गिरणी १९८७ साली बंद झाली. पण कुणी ती पाडली नाही! आत धागा काढायची यंत्रं अजून ओळीने उभी आहेत. २०१४ पासून ती जागतिक वारसा आहे.

कोश गरम पाण्यात टाकले की वरचा डिंक मऊ होतो आणि धाग्याचं टोक सापडतं. एकट्या कोशाचा धागा फारच बारीक, म्हणून अनेक कोशांचे धागे एकत्र ओढायचे. आतल्या जिवाचं काय? त्याचा पतंग होऊन तो बाहेर आला तर कोशाला भोक पडतं, सलग धागा मिळत नाही. म्हणून त्याला आधीच उष्णतेने मारतात. मला याचं फार वाईट वाटतं, पण हे तुला सांगायलाच हवं.

गंमत पुढेच आहे! तोमिओकाच्या गिरणीत सुरुवातीला काम करायला मुलीच येईनात. का? गिरणीतले फ्रेंच लोक लाल वाइन पीत. लोकांना वाटलं, हे रक्तच पितात! मग गिरणीचे पहिले प्रमुख ओदाका यांनी आपल्याच तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला, यूला, कामाला पाठवलं. केवढी धीट मुलगी! हळूहळू इतर मुली आल्या, शिकल्या आणि आपापल्या गावी जाऊन दुसऱ्यांना शिकवू लागल्या.

आता सगळ्यात भारी गोष्ट! त्याच भागात आराफुने नावाचा डोंगर आहे. तिथल्या दगडांच्या फटींतून ऐन उन्हाळ्यातही बर्फासारखा गार वारा येतो. वीज नाही, यंत्र नाही, तरी फ्रीज तयार! शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लोकांनी तिथे दगडी भिंतींच्या कोठ्या बांधल्या आणि अळ्यांची अंडी ठेवली. गारठ्यात अंडी फुटत नाहीत. हवी तेव्हा बाहेर काढा, उबेत ठेवा, अळ्या हजर! एरवी वसंतातच जमणारं अळ्या पाळायचं काम मग वर्षातून अनेकदा होऊ लागलं. जपानभरातून अंड्यांचे कागद तिथे येऊ लागले. हो, कागद! मादी पतंगाला कागदावरच अंडी घालायला लावतात ना!

आणि त्या फटींतून गार वारा आजही येतो!