नेम मॅनेजरमधील फिकट बटणे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एक्सेलमध्ये सेलच्या एखाद्या पट्ट्याला नाव दिले की सूत्रात सेलचे पत्ते लिहावे लागत नाहीत. नाव लिहिले की पुरते. अशी सगळी नावे एका जागी दिसतात ती फॉर्म्युलाज टॅबवरच्या नेम मॅनेजरमध्ये. ही खिडकी २००७ च्या आवृत्तीपासून आहे आणि कंट्रोल व एफ३ ही बटणे एकत्र दाबूनही उघडते. तिच्यात न्यू, एडिट आणि डिलीट अशी तीन मुख्य बटणे आहेत. कधी ती फिकट दिसतात, कधी नेम मॅनेजर स्वतःच फिकट झालेला असतो. अशा वेळी एक्सेल बिघडले असा समज होतो आणि ते काढून पुन्हा बसवण्यात वेळ जातो. हा सर्वांत मोठा आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज. फिकट बटणामागे बहुतेक वेळा सेलची, नावाची, शीटची किंवा फाइलची विशिष्ट अवस्था असते. ती ओळखली की बटण पुन्हा चालू होते, किंवा ते त्या जागी चालणारच नाही हे तरी कळते.

सर्वांत साधे कारण सेलमध्ये अर्धवट राहिलेले लिखाण. सेलमध्ये काही टाइप करून एंटर दाबायचे राहिले की रिबनवरचे बहुतेक पर्याय फिकट होतात, नेम मॅनेजरही त्यांत येतो. खिडकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात ‘रेडी’ऐवजी ‘एंटर’ किंवा ‘एडिट’ असा शब्द दिसत असेल, तर कारण हेच. एस्केप दाबले की लिखाण रद्द होऊन पर्याय परततात. शेजारच्या ‘यूज इन फॉर्म्युला’चे मात्र वेगळे आहे. तो पर्याय आधी दिलेली नावे सूत्रात घालण्यासाठी असल्याने, वर्कबुकमध्ये एकही नाव नसेल तर तो फिकटच राहतो. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते.

नेम मॅनेजर उघडतो, पण ठरावीक ओळीवर गेले की डिलीट बटण फिकट होते, ही तक्रार पुष्कळ ऐकू येते. त्यावर ‘फाइलला कुणीतरी पासवर्ड घातला असणार’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. अशी ओळ बहुधा टेबलाची असते. इन्सर्ट टॅबवरून टेबल तयार केले की त्याला टेबल१ यासारखे नाव आपोआप मिळते आणि ते याच यादीत येऊन बसते. नावाशेजारचे चिन्ह तेवढे वेगळे असते. टेबलाचे नाव येथून बदलता येते, पण पुसता येत नाही आणि त्याची व्याप्तीही बदलता येत नाही, कारण ते नाव त्या टेबलाचाच भाग असते. ते काढायचे असेल तर टेबल डिझाइन टॅबवरून ‘कन्व्हर्ट टू रेंज’ करावे लागते. मग माहिती जागेवर राहते आणि नाव यादीतून जाते. एकदम बरीच नावे पुसायची असतील तेव्हा नेम मॅनेजरमधल्या फिल्टरमधून ‘डिफाइन्ड नेम्स’ निवडावे. टेबले यादीतून बाजूला होतात आणि उरलेली नावे एकत्र निवडून पुसता येतात. एकाहून अधिक नावे निवडलेली असताना एडिट फिकट होते, कारण एका वेळी एकाच नावाची दुरुस्ती होऊ शकते.

एडिट उघडल्यावर ‘स्कोप’ची चौकट फिकट दिसते, तीही कुलूप लागल्यामुळे नव्हे. नाव संपूर्ण वर्कबुकसाठी आहे की एका शीटपुरते, हे नाव तयार करतानाच ठरते आणि एक्सेल ते पुढे कधीही बदलू देत नाही. जुने नाव पुसून हव्या त्या स्कोपने नवे तयार करणे हाच मार्ग आहे. शीटची नक्कल केली की तिच्यासोबत त्याच नावाची, पण नव्या शीटपुरती नावे तयार होतात आणि यादीत एकच नाव दोनदा दिसू लागते. कोणते पुसायचे हे त्यामुळे स्कोपच्या रकान्यात पाहूनच ठरवावे.

खरोखरचे कुलूप म्हणजे शीट प्रोटेक्शन. समोरची शीट संरक्षित असेल तर नेम मॅनेजर उघडतो, पण न्यू, एडिट आणि डिलीट ही तिन्ही बटणे फिकट असतात. संरक्षण लावताना कोणकोणत्या कामांना मुभा द्यायची याची यादी एक्सेल देते, तीत सॉर्ट आहे, ओळी घालणे आहे, पण नावे सांभाळण्याची मुभा नाही. त्यामुळे रिव्ह्यू टॅबवरून ‘अनप्रोटेक्ट शीट’ करावे लागते. वर्कबुकच्या रचनेचे संरक्षण वेगळे. ते शीट घालणे, हलवणे, लपवणे, पुसणे आणि तिचे नाव बदलणे यांना रोखते. या दोन संरक्षणांची गल्लत केली की चुकीचे कुलूप उघडले जाते आणि बटणे फिकटच राहतात.

फाइल ‘रीड ओन्ली’ असल्यामुळे नावे बदलता येत नाहीत, हेही अनेकदा ऐकू येते. रीड ओन्ली फाइलमध्ये नावे बदलता येतात, फक्त ती त्याच नावाने जतन होत नाही. ‘सेव्ह अ‍ॅज’ने वेगळी प्रत करावी लागते. बटणे फिकट करते ती दुसरी अवस्था. ईमेलने किंवा इंटरनेटवरून आलेली फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडते. तिच्या वरच्या पट्टीवरचे ‘एनेबल एडिटिंग’ दाबायचे, तेही फाइल खात्रीच्या माणसाकडून आली असेल तरच. ‘मार्क अ‍ॅज फायनल’ केलेल्या फाइलवर ‘एडिट एनीवे’ असा पर्याय येतो. ऑफिसचा परवाना संपला असेल तर मात्र संपादनाचे बहुतेक पर्याय सगळ्याच फाइलींत बंद होतात. एकाच फाइलीत अडचण आहे की सर्व फाइलींत, हे पाहिले की निम्मे निदान होते.

यादीत नाव नाही म्हणजे फाइलीत नाव नाही, असेही नाही. मॅक्रोच्या साहाय्याने लपवलेली नावे नेम मॅनेजरमध्ये दिसत नाहीत. ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ ही तपासणी ती शोधते आणि काढूही शकते. सेलचा पत्ता दाखवणाऱ्या डावीकडच्या नेम बॉक्सवरही विसंबू नये. त्यातून नाव तयार करता येते, पण पुसता येत नाही. तिथे आधीचेच नाव टाइप केले तर ते बदलत नाही, निवड त्या नावाच्या जागी जाते. स्थिर आकडा किंवा सूत्र यांना दिलेली नावे तर त्याच्या यादीत येतच नाहीत.

गूगल शीट्समध्ये ही सोय डेटा मेनूतील ‘नेम्ड रेंजेस’खाली आहे. तिथे फाइल फक्त पाहण्याची परवानगी असलेल्याला नावे बदलता येत नाहीत. फाइलच्या मालकाकडून संपादनाची परवानगी घ्यावी लागते. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये डेटा मेनूतून आखलेल्या डेटाबेस रेंज नावांच्या यादीत न सापडता ‘डिफाइन रेंज’ या वेगळ्या खिडकीत सापडतात.

डिलीट बटण चालू झाले म्हणून लगेच दाबू नये. पुसलेले नाव वापरणारी सूत्रे चूक झाल्याचा संदेश दाखवू लागतात. त्याआधी रिकाम्या शीटवर एफ३ दाबून ‘पेस्ट लिस्ट’ करावे. वर्कबुक स्कोपची नावे आणि त्यांचे पत्ते शेजारशेजारच्या रकान्यांत उतरतात, आणि चुकून पुसलेले नाव त्यावरून पुन्हा तयार करता येते.