‘झोपेत दात खाणे’ : शब्द, समज आणि उपाय

सोलापूर शहरात एकाच गल्लीत चार भाषा कानी पडतात, ही गोष्ट भाषाभ्यासकास नवी नाही. मराठी, कन्नड, यंत्रमागाच्या व्यवसायाबरोबर येथे स्थिरावलेल्या पद्मशाली समाजाची तेलुगू आणि उर्दू-दखनी या चारही भाषांतील घरांत एक प्रसंग मात्र सारखाच घडतो. रात्री सर्वत्र सामसूम झाल्यावर झोपलेल्या मुलाच्या तोंडातून करकर असा आवाज येऊ लागतो, आई जागी होते आणि सकाळी शेजारणीला सांगते, ‘पोरगं झोपेत दात खातंय.’ कन्नड घरात याच क्रियेस ‘हल्लु कडि’ म्हणजे दात चावणे म्हणतात. तेलुगूत ‘पळ्ळु कोरुकु’ (चावणे) आणि ‘पळ्ळु नूरु’ (वाटणे, दळणे) असे दोन प्रयोग आढळतात. उर्दू-दखनीत ‘दांत पीसना’ म्हणतात. दळण्याची कल्पना तेलुगूने आणि उर्दूने उचलली, चाव्याची कल्पना कन्नडने उचलली. मराठीने मात्र सरळ ‘खाणे’ हा धातू योजला आहे. जे अवयव खाण्याचे साधन, तेच येथे खाद्य झाले. दंत शब्दाचे मूळ ‘अद्’ म्हणजे खाणे या धातूत असावे, असे तौलनिक भाषाशास्त्रातील पुष्कळ अभ्यासक मानतात. ते मान्य केल्यास ‘दात खाणे’ म्हणजे खाणाऱ्यालाच खाणे असा मौजेचा अर्थ निष्पन्न होतो.

हा प्रयोग केवळ मराठीचा नव्हे. इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकांच्या सुमारास रचलेल्या माधवनिदानात ग्रहबाधा झालेल्या बालकाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत दात या कर्माबरोबर ‘खाद्’ हाच धातू आला आहे. दचकणे, रडणे, वर टक लावून पाहणे, कण्हणे, जांभया देणे या लक्षणांच्या पंक्तीत दात खाणे बसविलेले आहे. अर्थात त्या काळच्या वैद्याने ते पाहिले होते, ऐकले होते आणि त्याचे कर्तृत्व मुलाकडे न देता ग्रहाकडे दिले होते. आज ग्रहाची कल्पना टाकून दिली तरी कर्तृत्व कोणाकडे द्यावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आणि तो निम्मा व्याकरणाचा आहे.

मराठीतील झोपेसंबंधीची क्रियापदे या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहेत. घोरणे, बरळणे, दचकणे ही सारी अकर्मक होत. ‘तो घोरला’, ‘तो बरळला’, ‘तो दचकला’ असे आपण म्हणतो. कर्ता प्रथमेत राहतो आणि क्रिया त्याच्या हातून झाली असे न वाटता त्याला झाली असे वाटते. थंडीने होणाऱ्या क्रियेबाबतही ‘त्याचे दात वाजले’ असेच म्हटले जाते. याउलट ‘त्याने रात्रभर दात खाल्ले’ या वाक्यात धातू सकर्मक असल्यामुळे कर्त्यास ‘ने’ लागतो, आणि जो मनुष्य गाढ झोपेत आहे तो भाकरी खाणाऱ्या माणसाइतकाच सकर्तृक दिसू लागतो. (दखनीत ‘ने’चा हा वापर बहुधा होत नाही, त्यामुळे तेथे हा फरक इतका ठळक दिसत नाही.) त्यात पुन्हा जागेपणीचे ‘दातओठ खाणे’ म्हणजे संतापणे, आणि एखाद्यावर ‘दात धरणे’ म्हणजे मनात डूख ठेवणे. अशा शेजाऱ्यांमुळे झोपेत दात खाणाऱ्या सुनेविषयी वा मुलाविषयी ‘मनात काहीतरी राग आहे’ असा तर्क घरात सहज केला जातो. या तर्काचे बीज बरेचसे वाक्प्रचारात आहे. वैद्यकाचा त्यास कितपत आधार आहे, हे पुढे पाहावयाचे आहे.

पाश्चात्त्य शास्त्रही या मोहातून सुटले नव्हते. १९०७ साली मारी आणि पिएत्कीविच या फ्रेंच लेखकांनी दात खाण्याच्या ग्रीक क्रियापदावरून ‘ब्रुक्सोमानी’ हे नाव तयार केले. त्यातील उत्तरपद उन्मादवाचक आहे. म्हणजे नाव ठेवतानाच निदानही ठरवून टाकले गेले. १९३१ पासून ‘ब्रुक्सिझम’ हे सौम्य नाव रूढ झाले. पुढे दंतवैद्यकात वरच्या आणि खालच्या दातांची बैठक बिघडल्याने हे घडते असा पक्ष बळावला. १९६१ मध्ये रॅमफियर्ड यांनी त्यास मोठा आधार दिला, आणि कित्येकांचे निरोगी दात घासून ‘जुळवून’ देण्यात आले. नंतरच्या प्रयोगांनी हा कार्यकारणभाव टिकू दिला नाही. २०१३ मध्ये अनेक देशांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन नवी व्याख्या केली आणि २०१८ मध्ये ती आणखी नेमकी केली : झोपेतील हा प्रकार म्हणजे चर्वणस्नायूंची लयबद्ध अथवा सलग हालचाल असून, अन्यथा निरोगी असलेल्या व्यक्तीत तिला रोग म्हणता येत नाही. या व्याख्येत कर्ता मनुष्य नाही, त्याचे मन नाही, दातही नाहीत. कर्ता स्नायू आहे. शंभर-सव्वाशे वर्षांत शास्त्राने जर काही केले असेल, तर ते हेच की वाक्यातील ‘ने’ काढून टाकला.

प्रत्यक्ष घडते ते असे. झोप ही रात्रभर एकसारखी नसते. तिच्यात वारंवार काही सेकंदांच्या निसटत्या जागृती येतात, ज्यांची झोपणाऱ्यास जाणीवही नसते. अशा जागृतीच्या काही मिनिटे आधी हृदयावरील स्वयंचलित मज्जासंस्थेचा ताबा पालटू लागतो, मग काही सेकंद आधी मेंदूच्या विद्युल्लहरी शीघ्र होतात, नाडी वाढते, जबडा उघडणारे स्नायू ताठरतात आणि शेवटी जबडा मिटणारे स्नायू सेकंदाला सुमारे एक या गतीने आकुंचन पावू लागतात. दात एकमेकांवर टेकलेले असतील तर करकर ऐकू येते. पुष्कळदा त्यानंतर मनुष्य आवंढा गिळतो. हे बहुतांशी हलक्या झोपेत होते, स्वप्नांच्या अवस्थेत क्वचितच. म्हणून ‘स्वप्नात कोणाशी भांडत असेल’ ही समजूतही फारशी टिकत नाही. विशेष म्हणजे स्नायूंची ही लयबद्ध हालचाल, आवाज न होता आणि कमी प्रमाणात, निरोगी माणसांपैकी सुमारे साठ टक्क्यांत प्रयोगशाळेत नोंदली गेली आहे. दात खाणाऱ्यात ती अधिक वेळा आणि अधिक जोराने होते, इतकेच. हा जोर कधी कधी जागेपणी त्याच माणसाने मुद्दाम लावलेल्या कमाल जोरासही मागे टाकतो, कारण दुखले की थांबावे ही जागेपणीची सावधगिरी झोपेत मंदावते.

हे प्रमाण वयाबरोबर घटते. बालकांत ते साधारण १४ ते २० टक्के सांगितले जाते. कॅनडातील १९९४ च्या एका पाहणीत प्रौढांत सुमारे ८ टक्के आणि साठीपुढे ३ टक्के आढळले. मात्र ही पाहणी लोकांच्या सांगण्यावर आधारलेली होती, हे विसरता येत नाही. दात खाणारा स्वतः झोपलेला असतो. सांगणारा शेजारी झोपणारा असतो. साठीनंतर दातच उरले नसतील, किंवा ऐकणारे माणूस उरले नसेल, तर आकडा आपोआप उतरतो.

आता समजुतींकडे वळू. मुलाच्या पोटात जंत झाल्यामुळे ते दात खाते, ही समजूत सोलापूर जिल्ह्यातच नव्हे तर जगाच्या बहुतेक भागांत आहे. मराठीत ‘दात किडणे’ या क्रियेतच कीड बसलेली असल्यामुळे दात, किडा आणि पोट यांची सांगड येथे अधिकच सहज बसते. या दोहोंचा कार्यकारणसंबंध मात्र भक्कमपणे सिद्ध झालेला नाही. जंताची गोळी शाळाशाळांतून दिली जाते, २०१५ पासून त्यासाठी राष्ट्रीय जंतनाशक दिनही पाळला जातो, आणि रक्तक्षय व कुपोषण यांच्या दृष्टीने ती गोळी घ्यावयासच हवी. परंतु गोळी घेऊनही मूल दात खातच राहिले म्हणून आई पुन्हापुन्हा औषध देते किंवा गोळीवरचा तिचा विश्वास उडतो. दोन्ही परिणाम वाईट. दुधाचे दात पडून कायमचे दात येईतो बहुतेक मुलांत हा प्रकार आपोआप कमी होतो. मूल त्याबरोबर घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर मात्र नाक-घशाची तपासणी अगत्याची आहे.

रागाची समजूत अर्धसत्य म्हणावी लागेल. चिंता आणि मनावरील ताण यांचा संबंध जागेपणी दात आवळण्याशी अधिक स्पष्ट दिसतो. झोपेतील प्रकाराबाबत निष्कर्षांत एकवाक्यता नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे फिनलंडमधील जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसून आले. तंबाखूचे धूम्रपान, मद्य, रात्री उशिरा घेतलेला चहा-कॉफीचा अतिरेक, मनोविकारांवरील काही औषधे, छातीत जळजळ करणारे आम्ल आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार यांच्याशीही त्याची सांगड आढळते. शेवटचे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे. नवरा घोरतो आणि दात खातो, इतके सांगून बायको थांबते. घोरता घोरता त्याचा श्वास मध्येच बंद पडतो का, हे तिला कोणी विचारीत नाही.

आणि येथेच भाषेचा मुद्दा पुन्हा उभा राहतो. २०१३ च्या व्याख्येबरोबर निदानाच्या तीन पायऱ्या ठरल्या : केवळ सांगण्यावरून ते ‘शक्य’, तोंड तपासून ‘संभवनीय’ आणि झोपेत यंत्राने स्नायूंची नोंद करून ‘निश्चित’. तिसरी पायरी खर्चिक. म्हणून बाह्यरुग्ण विभागात निदानाची सुरुवात एका प्रश्नानेच होते : ‘तुम्ही झोपेत दात खाता का?’ या प्रश्नातील ‘दात खाणे’ म्हणजे आवाज. परंतु कित्येक जण आवाज न करता दात घट्ट आवळून ठेवतात. ‘दात आवळणे’ हा शब्द मराठीत आहे, पण तो निश्चयाचा किंवा वेदना सोसण्याचा. व्याधीचे नाव म्हणून कोणी त्याचा विचार करीत नाही, आणि ‘दातखीळ’ तर वेगळीच, भीतिदायक गोष्ट. परिणामी आवळणारा मनुष्य प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि सकाळची कानशिलाची ठणक घेऊन परत जातो. याऐवजी ‘सकाळी उठल्यावर जबडा जड, आखडलेला वाटतो का? घास चावताना पहिली काही मिनिटे दुखतो का?’ असे विचारावे, आणि ते चारही भाषांत, त्या त्या घरच्या शब्दांत. दातांकडे पाहून ठरवितानाही सावधगिरी हवी. सोलापुरी कडक भाकरी, सुपारी, दातांना घासली जाणारी मिश्री या सर्वांनी दात झिजतात. झिजलेली दाढ ही गतकाळाची नोंद होय. झीज आजही चालू आहे, असे तिच्यावरून म्हणता येत नाही.

उपायांविषयी अपेक्षा माफक ठेवाव्या. हा प्रकार समूळ थांबविणारे औषध नाही. दंतवैद्याकडून मापाने करून घेतलेला अ‍ॅक्रिलिकचा नाइट गार्ड दातांची झीज अडवितो. करकर कायमची थांबवितो असे मात्र नाही. बोटुलिनमची सुई आकुंचनाचा जोर कमी करते, संख्या नव्हे. दात घासून बैठक जुळविण्याचा मार्ग तर सोडूनच द्यावा. सायंकाळनंतर तंबाखू, मद्य आणि कडक चहा टाळणे, झोपेची वेळ शक्य तितकी ठराविक ठेवणे, हे सांगणे सोपे आहे. यंत्रमागाच्या रात्रपाळीवर आठवड्याआड जाणाऱ्यास ते पाळता येईलच असे नाही, आणि वैद्याने हे ध्यानात घेऊनच सल्ला द्यावा.

जागेपणीच्या सवयीवर मात्र बराच ताबा मिळविता येतो, आणि त्यासाठी ध्वनिशास्त्र उपयोगी पडते. बोलताना वरचे-खालचे दात जवळजवळ कधीच एकमेकांस टेकत नाहीत. ‘स’ उच्चारताना ते सर्वांत जवळ येतात, तरी मध्ये फट राहतेच. ‘दंत्य’ म्हणून शिकविले जाणारे त, थ, द, ध हेदेखील जिभेचा दातांशी स्पर्श सांगतात, दातांचा दातांशी नव्हे. जेवताना आणि गिळताना होणारा स्पर्श धरूनही दिवसाकाठी दातांना दात टेकतात ते सुमारे वीस मिनिटांहून अधिक नाही. तेव्हा विश्रांतीत ओठ मिटलेले, दात सुटे आणि जिभेचे टोक वरच्या दातांमागील हिरडीशी, ही स्थिती नैसर्गिक. ती आणण्यासाठी ‘म’ लांबवून म्हणावा : ओठ बंद होतात, दात आपोआप विलग राहतात. हिशेब करताना, वाहन चालविताना, बीड्या वळताना, मागावर उभे असताना दर थोड्या वेळाने हा ‘म’ मनात म्हणून जबडा सैल आहे की नाही हे तपासावे. नवीन नाइट गार्ड लावल्यावर पहिले काही दिवस ‘स’ आणि दंत्य ‘च’ बोबडे येतात, तोंडाला पाणी सुटते. आठवड्याभरात जीभ जागा शोधते. सकाळी तो गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा. चहाच्या आधणाशेजारी गरम पाण्यात टाकल्यास त्याचा आकार बिघडतो.