जुन्या ट्रकच्या इंजिनाचे भाग चोरीपासून कसे जपावेत?

स्वतःचा कांदा, भाजीपाला किंवा द्राक्षे स्वतःच्या वाहनाने बाजारात नेणारे अनेक शेतकरी वापरलेला जुना ट्रक किंवा चारशेसातसारखी लहान गाडी घेतात. अशी गाडी सहसा पूर्ण चोरीस जात नाही. चोरीस जातात ते तिचे भाग : बॅटरी, सेल्फ, डायनामो आणि सर्वांत महाग म्हणजे डिझेल पंप. जुन्या इंजिनावरील पंप पूर्णपणे यांत्रिक असतो. तो इंजिनाच्या बाहेरील बाजूस बसविलेला असून साध्या पान्यांनी निघतो आणि त्याच बनावटीच्या दुसऱ्या इंजिनावर तसाच चालतो. त्यामुळे त्याला गिऱ्हाईक लगेच मिळते.

पंप गेल्यास नुकसान केवळ पंपाच्या किमतीएवढेच होत नाही. चोर डिझेलच्या नळ्या कापतो किंवा उघड्या टाकतो. त्यातून धूळ शिरून नोझल खराब होतात. दुसरा पंप आणल्यावर तो तपासून घेणे, टायमिंग जुळविणे व हवा काढणे यात दिवस जातो. तोपर्यंत ताडपत्रीखाली भरलेला माल घाम धरतो आणि भाड्याची गाडी ऐन हंगामात मिळेल त्या दराने करावी लागते.

गाडी उभी करण्याची जागा

पहिला उपाय बिनखर्ची आहे. आपल्या गाडीचा पंप कोणत्या बाजूस आहे हे पाहून ती बाजू भिंतीला वीतभर अंतर ठेवून लावावी. दोन गाड्या असल्यास त्या एकमेकींना खेटून उभ्या कराव्यात. बाजार समितीच्या आवाराबाहेर किंवा साखर कारखान्याच्या रांगेत रात्र काढावी लागते तेव्हा चालक दमून झोपतो व केबिनमध्ये असूनही त्याला पत्ता लागत नाही. अशा वेळी उजेडाची जागा सोडू नये.

बॅटरी प्रथम सुरक्षित करावी

बॅटरी काढली की हॉर्न, दिवे व भोंगा सर्वच बंद पडते. म्हणून भोंगा बसविण्याआधी बॅटरीची पेटी मजबूत करावी. लोखंडी पट्टीची चौकट करून ती चेसीसच्या कंसाला आतील बाजूने बोल्टने आवळावी. कुलूप भारी घेतले म्हणजे काम झाले असे नाही. आमच्या पाहण्यातील एका पेटीला उत्तम कुलूप होते, पण बिजागरीची पिन बाहेरून ठोकून काढता येत होती. चोराने कुलपाला हातही लावला नाही! बिजागरीच्या पिनेची दोन्ही टोके वेल्डिंग करून बंद करावीत. पेटीस हवेसाठी छिद्रे ठेवणे आवश्यक आहे, कारण चार्जिंग होताना बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढून दूर ठेवावी व डायनामोच्या तारा सोडवाव्यात. डिझेल टाकीवर किंवा तिच्या लगत वेल्डिंग कदापि करू नये.

हंगाम संपून गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बॅटरी घरातच ठेवावी व अधूनमधून चार्ज करावी. काढताना ऋण टोक आधी सोडवावे.

पंपासाठी जाळी

बॉनेटला कडी-कोयंडा बसवून घ्यावा. परंतु तेवढ्यावर विसंबू नये. ज्या गाड्यांत इंजिनाचे झाकण केबिनच्या आत असते, त्यांतही खालून व चाकाच्या बाजूने हात पोचतो. गाडीखाली स्वतः आडवे होऊन पंपापर्यंत हात कोठून जातो ते पाहावे आणि तेवढी वाट पट्टीच्या जाळीने अडवावी. जाळी इंजिनाला न जोडता चेसीसला जोडावी, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने ती तुटते. रेडिएटरची हवा अडवू नये. जाळी एका किल्लीने चटकन उघडली पाहिजे. हवा काढण्यासाठी दर वेळी चार बोल्ट सोडावे लागले तर आठ दिवसांत चालक ती उघडीच ठेवतो, हा अनुभव आहे.

सेल्फ व डायनामोच्या एकेका बोल्टाला ॲलन पद्धतीचे डोके घेऊन त्यात पोलादी छर्रा ठोकून बसविल्यास पाना चालत नाही. पंपाच्या बोल्टांना मात्र हा उपाय करू नये, कारण टायमिंगसाठी ते सैल करावे लागतात.

गाडीवर जीपीएस यंत्र असल्यास बॅटरीची तार तुटताच मोबाईलवर सूचना येण्याची सोय त्यात आहे का ते विचारावे. चोरीला गेलेला पंप मात्र हे यंत्र शोधून देत नाही.

खूण, विमा व फिर्याद

पंप, सेल्फ व डायनामोवरील पाटीचे क्रमांक वहीत उतरवून फोटो काढावेत. पाटी सहज उखडते, म्हणून भागाच्या अंगावर विजेच्या कोरणीने गाडीचा क्रमांक कोरावा. पंपावर पंचाने ठोकू नये, कवच तडकण्याचा संभव असतो. इंजिन व चेसीसच्या मूळ क्रमांकांना हात लावू नये, तो गुन्हा आहे.

केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास चोरीची भरपाई मिळत नाही. मालवाहू वाहनाच्या सर्वसमावेशक पॉलिसीतही, गाडी जागेवर राहून नुसते जोडसाहित्य गेल्यास भरपाई नाही, अशी अट सामान्यतः असते. पॉलिसीतील अपवाद वाचून घ्यावेत.

चोरी झाल्यास क्रमांकांसह फिर्याद द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचे कलम ३०३ आहे. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते.

जुना पंप विकत घेताना पाटी उखडलेली असेल किंवा विक्रेता पावती देत नसेल तर तो घेऊ नये. चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसे मानण्यास कारण असताना घेणारा कलम ३१७ खाली दोषी ठरतो. गॅरेजवाल्याने परस्पर आणलेल्या भागाचीही पावती मागून घ्यावी.